लंडनमध्ये फुटबॉल पाहण्यासाठी पब कसा निवडावा

पुण्यात किंवा ठाण्यात घरी बसून प्रीमियर लीग पाहणाऱ्याला शनिवारी संध्याकाळी साडेसातला, आणि हिवाळ्यात साडेआठला, एकाच वेळी सुरू होणारे चार-पाच सामने सवयीचे असतात. तोच माणूस शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी लंडनला येतो, आता तर सामने आपल्या दारातच आहेत अशा समजुतीने शनिवारी दुपारी तीन वाजता जवळच्या पबमध्ये शिरतो, आणि तेथे पडद्यावर रग्बी नाहीतर घोड्यांच्या शर्यती चालू असतात. काही ठिकाणी तर स्टुडिओत बसलेली तीन-चार माणसे आपल्याला न दिसणाऱ्या पडद्यांकडे पाहून ओरडत असतात आणि सगळा पब त्यांच्या चेहऱ्यांवरून गोल कोणी केला याचा अंदाज बांधत असतो. हा त्या पबचा दोष नव्हे. पुण्यात दिसणारा सामना लंडनमध्ये दिसत नाही, कारण तसा नियमच आहे. म्हणून पबची निवड पबपासून नव्हे, तर सामन्यापासून सुरू करावी लागते.

आधी सामना आणि वाहिनी ठरवा

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण होत नाही. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी असा आग्रह धरला की मोठ्या क्लबांचे सामने घरबसल्या दिसू लागले, तर खालच्या श्रेणीतल्या क्लबांची मैदाने ओस पडतील. तो आग्रह मान्य झाला आणि आजही तो पाळला जातो. शनिवारी तीनचे सामने त्यामुळे फक्त मैदानात जाऊन पाहता येतात. काही पब परदेशी वाहिनीच्या जोडणीवर ते दाखवतात आणि बाहेर त्याचा गाजावाजा करत नाहीत. पोर्ट्समथमधील एका पबचालिकेने ग्रीक वाहिनीचा डीकोडर लावून सामने दाखवले, ते प्रकरण २०११ मध्ये थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे तिची शिक्षा रद्दही झाली, पण प्रक्षेपणाच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न त्याने सुटला नाही, आणि असे पब आजही कारवाईच्या छायेतच चालतात. नवख्याने अशा पबच्या भरवशावर मित्रांना बोलावू नये, कारण मध्यंतरानंतर पडदा काळा होण्याची शक्यता तेथे नेहमीच असते.

कायदेशीर प्रक्षेपण ओळखण्याची एक सोपी खूण आहे. स्काय स्पोर्ट्सची व्यावसायिक जोडणी असलेल्या पबमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासाचे छोटेसे चिन्ह दिसते. घरगुती जोडणीत ते नसते, आणि पब चोरून घरचे कनेक्शन वापरत आहे की काय हे कंपनीच्या तपासनिसाला त्यावरूनच कळते. ही व्यावसायिक जोडणी महाग असते आणि तिचा दर पबच्या करपात्र मूल्यावर ठरतो. म्हणूनच लंडनमधल्या कितीतरी चांगल्या पबांमध्ये फुटबॉल मुळीच नसते.

हक्क दोन मोठ्या वाहिन्यांत विभागले गेले आहेत. २०२५-२६ च्या हंगामापासून शनिवारी साडेबाराचा प्रीमियर लीग सामना टीएनटी स्पोर्ट्सवर असतो, तर शनिवारी साडेपाचचा, रविवारी दोनचे व साडेचारचा, आणि शुक्रवारी व सोमवारी रात्री आठचे सामने स्काय स्पोर्ट्सवर असतात. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने टीएनटीवर असतात आणि मंगळवारचा एक निवडक सामना ॲमेझॉन प्राइमवर असतो. महिलांच्या सुपर लीगचे बहुतेक सामने रविवारी दुपारी बाराला स्कायवर दिसतात, मात्र ते लावायचे की नाही हे पबवर अवलंबून असते, आणि ‘कोणी मागितले तर लावू’ हेच उत्तर बहुधा मिळते, तेव्हा मागावे. विश्वचषकाचे सामने बीबीसी आणि आयटीव्ही या मोफत वाहिन्यांवर असल्याने त्या दिवशी ज्याच्याकडे दूरचित्रवाणी संच आहे असा प्रत्येक पब स्पोर्ट्स बार होतो.

पबमध्ये फोन करताना ‘तुमच्याकडे फुटबॉल असते का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. सामन्याचे नाव, वार आणि वेळ सांगून ‘हा सामना, आवाजासह, कोणत्या पडद्यावर असेल’ असे विचारावे. फॅन्झोसारखी ॲप कोणत्या पबमध्ये कोणता सामना आहे हे दाखवतात. त्यांचा उपयोग यादी करण्यापुरता करावा. खातरजमा फोनवरच करावी.

दोन साखळ्यांविषयी येथेच सांगून टाकणे बरे. वेदरस्पूनच्या पबांमध्ये बिअर स्वस्त मिळते आणि विद्यार्थ्यांची तेथे गर्दी असते, परंतु संगीत न वाजवणे हे त्या साखळीचे धोरण आहे आणि बहुतेक शाखांत क्लब फुटबॉल दिसत नाही. सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या ब्रुअरीचे लंडनमधले पब जुन्या लाकूडकामासाठी पाहण्यासारखे आहेत, पण तेथे दूरचित्रवाणी नसते, संगीत नसते, आणि २०१९ पासून मोबाइल वापरण्यावरही बंदी आहे. सामना नसलेल्या संध्याकाळी तेथे अवश्य जावे.

मग आपण कोणाच्या गल्लीत आहोत ते पाहा

या शहरात पब आणि फुटबॉल यांचे नाते जाहिरातीतून जुळलेले नाही. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली ती ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये. चेल्सी क्लब १० मार्च १९०५ रोजी स्थापन झाला तो स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानासमोरील रायझिंग सन या पबच्या माडीवर. तो पब आज बुचर्स हुक या नावाने चालू आहे. ब्रेंटफर्डच्या जुन्या ग्रिफिन पार्क मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब होता, आणि २०२० मध्ये क्लब नव्या मैदानात गेल्यावर जुन्या प्रेक्षकांनी हळहळ व्यक्त केली ती मैदानाइतकीच त्या कोपऱ्यांसाठीही. त्यातच १९८५ च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी बसून फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी मद्य पिता येत नाही. साहजिकच सामन्याआधीचे दोन तास मैदानाभोवतीच्या पबांतच जातात, आणि तो पब कोणाचा हे मग नुसते आवडीचे नव्हे, तर मालकीचे प्रकरण होते.

हॉलोवे, फिन्सबरी पार्क आणि हॉर्नसी रोड हा आर्सेनलचा मुलूख आहे. टॉटनहॅम हाय रोडवर त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅम हॉटस्पर. फुलहॅम ब्रॉडवेला चेल्सी. बर्मंडसीच्या बाजूला मिलवॉल. पूर्व लंडनचे विशेष सांगायला हवे, कारण भाडे परवडते म्हणून आपल्याकडचे अनेक विद्यार्थी ईस्ट हॅम, अप्टन पार्क आणि इलफर्डमध्ये राहतात. साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांनी भरलेल्या ग्रीन स्ट्रीटच्या टोकाशी २०१६ पर्यंत वेस्ट हॅमचे मैदान होते. क्लब स्ट्रॅटफर्डला गेला, मैदान पाडून तेथे इमारती झाल्या, पण कोपऱ्यावरची बोलिन टॅव्हर्न ही भव्य जुनी वास्तू दुरुस्त होऊन पुन्हा उघडली आहे, आणि कोरीव काचांची ती दालने पाहिल्यावर पब ही एकेकाळी केवढ्या दिमाखाची गोष्ट होती हे समजते. तेथे राहणाऱ्याने वेस्ट हॅमच्या जुन्या वैऱ्याविषयी, म्हणजे मिलवॉलविषयी, कौतुकाचे शब्द मोठ्याने बोलू नयेत, एवढे शहाणपण पुरेसे आहे.

सामन्याच्या दिवशी मैदानाजवळच्या पबांच्या दारावर ‘फक्त यजमान संघाचे समर्थक’ असा फलक लागतो. दारावरचा सुरक्षारक्षक पाहुण्या संघाची जर्सी पाहून परत पाठवतो, कधी सदस्यत्वाचे कार्ड किंवा सामन्याचे तिकीटही मागतो. यात अपमान मानण्यासारखे काही नाही. आत भांडण होऊ नये यासाठीचा हा बंदोबस्त असतो, आणि पोलिसांचाही त्याबाबत आग्रह असतो. दुसऱ्या काही पबांत कोणत्याही संघाची जर्सी चालत नाही, आणि तसे दारावरच लिहिलेले असते. आपला संघ लंडनबाहेरचा असेल, म्हणजे मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल किंवा थेट बार्सिलोना, तर त्या क्लबच्या संकेतस्थळावर समर्थक मंडळांची यादी असते. लंडनमधल्या शाखेचे लोक कोणत्या पबमध्ये जमतात हे त्यांना विचारून घ्यावे. अनोळखी शहरात आपल्याच संघाच्या शंभर माणसांत उभे राहून सामना पाहणे हे कितीही मोठ्या पडद्याने साधत नाही.

पहिल्या काही वेळा मात्र तटस्थ ठिकाणी, साध्या कपड्यांत जावे. वेस्ट केन्सिंग्टन स्थानकासमोरील फेमस थ्री किंग्ज हा अनेक पडद्यांचा पब एकाच वेळी वेगवेगळे खेळ दाखवण्यासाठी प्रसिद्ध आहे. लंडन ब्रिजजवळच्या बेलुशीज या वसतिगृहाला जोडलेल्या बारमध्ये तरुण प्रवाशांचा भरणा असतो. वेम्बली आणि क्रॉयडन येथील बॉक्सपार्कमध्ये इंग्लंडच्या सामन्यांना तिकीट लावून प्रवेश देतात, आणि गोल झाला की शेकडो ग्लासांतली बिअर एकदम हवेत उडते. हा प्रकार एकदा पाहावा, पण धुतल्यावर निघेल अशा कपड्यांत. लेस्टर स्क्वेअरच्या आसपासचे पर्यटकी स्पोर्ट्स बार मी सहसा सुचवत नाही. तेथे पडदे भरपूर असतात आणि दरही चढे असतात, पण शेजारच्या माणसाला सामन्याशी काही देणेघेणे नसते.

एखाद्या निवांत संध्याकाळी पब पाहून घ्या

ज्या पबमध्ये सामना पाहायचा, तो आधी सामना नसताना पाहावा. मंगळवारी किंवा बुधवारी साडेपाचच्या सुमारास जाऊन अर्धा ग्लास काहीही घ्यावे आणि जागा न्याहाळावी. दाराबाहेर खडूने लिहिलेली सामन्यांची काळी पाटी असेल, तर ती नीट वाचावी. येत्या आठवड्याचे सामने वेळेसह आणि वाहिनीसह लिहिलेले असतील, तर आत कोणीतरी जबाबदारीने हे काम पाहते आहे असे समजावे. गेल्या शनिवारचा सामना अजून पुसलेला नसेल, तर त्या पबला फुटबॉलची जोडणी आहे पण फुटबॉलची आस्था नाही, आणि ऐन वेळी रिमोट शोधण्यात पहिली दहा मिनिटे जातील. माझ्या मते ही पाटी पडद्यांच्या संख्येपेक्षा जास्त खरे सांगते.

आत गेल्यावर बसून नव्हे, तर उभे राहून पाहावे. जुन्या पबांत खांब फार असतात, आणि रिकाम्या पबमध्ये जो पडदा पूर्ण दिसतो, तो समोर उभ्या माणसांची एक रांग आली की निम्माच दिसतो. म्हणून पडद्याची खालची कड माणसाच्या डोक्यापेक्षा वर आहे ना, हे तपासावे. प्रोजेक्टरचा मोठा पडदा नवख्याला भुलवतो. रात्रीच्या सामन्यासाठी तो उत्तम, पण ऑगस्टमध्ये किंवा मे महिन्यात दिवसाउजेडीच्या सामन्याला खिडकीतून ऊन आले की त्यावर हिरवट धुके तेवढे दिसते. अशा वेळी मध्यम आकाराचा साधा टीव्हीच कामाला येतो. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणाच्या लक्षात येते: एकाच पबमध्ये एक पडदा उपग्रहाच्या जोडणीवर आणि दुसरा इंटरनेटवर चालत असेल, तर दुसरा बऱ्याच सेकंदांनी मागे असतो. पुढच्या खोलीत जल्लोष होतो, तेव्हा आपल्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवरच असतो. सामन्याची सगळी गंमत त्या गलक्याने जाते. दोन पडद्यांवर एकच वाहिनी लागलेली दिसली, तर दोन्हींकडे आळीपाळीने पाहून हे आधीच ताडता येते.

मग काउंटरवरच्या माणसाला विचारावे की एका वेळी दोन सामने असतील, तर आवाज कोणाचा ठेवता. याचे ठाम उत्तर मिळाले पाहिजे. रविवारचा सामना असेल, तर आणखी एक चौकशी लागते, कारण रविवारी दुपारी भाजलेले मांस, बटाटे आणि यॉर्कशर पुडिंग खायला कुटुंबेच्या कुटुंबे पबमध्ये येतात, आणि अनेक पब त्या वेळी मोठी खोली जेवणाऱ्यांसाठी राखून ठेवतात व फुटबॉल मागच्या लहान खोलीत किंवा आवाज बंद करून लावतात.

जागा राखणे

नेहमीच्या सामन्याला अर्धा-पाऊण तास आधी पोहोचले तरी पुरते. आर्सेनल-टॉटनहॅम, चॅम्पियन्स लीगचे शेवटचे टप्पे आणि विश्वचषकातले इंग्लंडचे सामने यांसाठी मात्र टेबल आधीच राखावे लागते. माणशी अनामत रक्कम भरावी लागते, आणि ती बिलातून वजा होते की नुसतीच प्रवेशशुल्क म्हणून जाते, किमान किती रकमेचे खाणेपिणे घ्यावे लागेल, आणि सामना संपल्यावर टेबल किती वेळात रिकामे करायचे, या तिन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. टेबल राखले म्हणजे त्या टेबलावरून पडदा दिसेलच असे नाही. टेबलाचा क्रमांक विचारावा. आधीची भेट उपयोगी पडते ती येथे.

आत गेल्यावर

मद्य विकत घेण्याचे वय १८ आहे, परंतु पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी दारावरच ते मागतात. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो चालत नाही. पासपोर्ट खिशात घालून गर्दीत जाणे धोक्याचे आहे. त्यावर उत्तम उपाय म्हणजे ब्रिटनचा शिकाऊ वाहनपरवाना. किमान १८५ दिवस राहण्याची परवानगी असलेल्याला तो ऑनलाइन ३४ पौंडांत मिळतो, आणि गाडी शिकायची नसली तरी ओळखपत्र म्हणून सगळीकडे चालतो.

टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नये. मागणी काउंटरवर जाऊन द्यायची, पैसे तेव्हाच द्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून आणायचे. काउंटरवर रांग दिसत नसली, तरी कोण आधी आले हे प्रत्येकाला ठाऊक असते. हात हलवणे, नोट नाचवणे किंवा हाका मारणे अशिष्ट समजतात, आणि बारवाल्याने चुकून आपल्याला आधी विचारले, तर शेजाऱ्याकडे बोट दाखवावे, त्याने लगेच ओळख होते. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलीटर. लंडनमध्ये त्याला साधारण सहा ते साडेसात पौंड पडतात. मित्रमंडळींत एकाने सगळ्यांसाठी आणायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याने, अशी पाळीची रीत आहे. पाळी चुकवणारा माणूस लक्षात राहतो. ज्याला इतके प्यायचे नाही किंवा परवडत नाही, त्याने सुरुवातीलाच ‘मी माझे घेतो’ असे सांगावे, कोणी वाईट मानत नाही. न पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलरहित बिअर सगळीकडे असते, लाइम-सोडा स्वस्तात मिळतो, आणि मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचे पिण्याचे पाणी मागितल्यास फुकट देणे कायद्याने बंधनकारक आहे.

मध्यंतर पंधरा मिनिटांचे असते आणि त्या वेळी काउंटर व स्वच्छतागृह दोन्हीकडे झुंबड उडते. चाळिसाव्या मिनिटाला उठणारा माणूस शहाणा.

शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न न संकोचता विचारावा: बटाट्याचे चिप्स (म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज) मासे तळलेल्याच तेलात तळतात का. पुष्कळ पबांत तसे असते, आणि विचारल्यावर प्रामाणिक उत्तर मिळते. स्वयंपाकघर अनेक ठिकाणी रात्री नऊच्या सुमारास बंद होते, म्हणजे आठच्या सामन्याला आलेल्याने मध्यंतराची वाट न पाहता सुरुवातीलाच खायला मागवावे. पोटभर आणि आपल्या चवीचे हवे असेल, तर साउथॉल, हॅरो, केंटन या पश्चिमेकडच्या भागांत पंजाबी आणि गुजराती मालकांचे ‘देसी पब’ आहेत. तापल्या लोखंडी तव्यावर कांद्याच्या थरावरून चुरचुरत येणारा मिक्स्ड ग्रिल, पनीर टिक्का, मसालेदार शेंगदाणे आणि समोर फुटबॉल, कधी शेजारच्याच पडद्यावर क्रिकेट, असा तेथला थाट असतो. आई-वडील भेटीला आले असतील, तर त्यांना पहिल्यांदा येथेच न्यावे. मुलांना सोबत न्यायचे असल्यास आधी फोन करावा, कारण काही पबांत संध्याकाळनंतर मुलांना प्रवेश नसतो.

परतीचा विचार आधीच करा

पबच्या निवडीत घरी जाण्याची वाट हाही एक निकष आहे, आणि नवखे लोक तोच विसरतात. रात्री आठचा सामना दहाच्या आसपास संपतो. तोवर गाड्या असतात, पण जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या की अकरा वाजतात. शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर भुयारी रेल्वे चालते ती फक्त व्हिक्टोरिया, ज्युबिली, सेंट्रल, नॉर्दर्न आणि पिकॅडिली या मार्गांच्या मुख्य भागांवर. इतर रात्री रात्रपाळीच्या बसवरच भिस्त ठेवावी लागते. वेम्बलीला सामना असेल, तर ज्युबिली मार्गावर डोलिस हिलसारख्या जवळच्या स्थानकांवरही डबे भरूनच येतात, तेव्हा डोलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला निघालेल्यांनीही त्या दिवशीचे वेळापत्रक पाहून निघावे. उघडी बाटली घेऊन गाडीत चढू नये. २००८ पासून लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत मद्यपानाला बंदी आहे.

सामना पाहताना फोन टेबलावर ठेवू नये आणि पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवू नये, कारण गोलनंतरच्या उड्यांत वस्तू नाहीशा होतात. एखाद्याचे वागणे त्रासदायक वाटले, तर काउंटरवर जाऊन ‘अँजेला आहे का’ असे विचारावे. २०१६ पासून इंग्लंडमध्ये रुजलेली ही सांकेतिक विचारणा लंडनमधल्या असंख्य पबांतल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असते, आणि ते गाजावाजा न करता बाजूला नेतात किंवा टॅक्सी बोलावून देतात. वर्णद्वेषी शेरेबाजी ऐकू आल्यास स्वतः वाद न घालता व्यवस्थापकाला सांगावे. फुटबॉलमधील भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या ‘किक इट आउट’ या संस्थेकडेही त्याची तक्रार नोंदवता येते. यजमान संघ हरला असेल, तर बाहेर पडण्याची घाई करू नये. दहा-पंधरा मिनिटे आतच थांबावे, ग्लास काउंटरवर परत नेऊन ठेवावा, आणि स्थानकाकडची पहिली लाट ओसरल्यावर निघावे.